शेजार बांधता येतो का?

चाळीतले आजोबा संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसले की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जातो. तेच आजोबा टॉवरमध्ये एकटे पडतात. असं का? कारण रोजच्या भेटी ठरवून होत नाहीत, त्या वाटेत होतात. वाट संपली की भेटही संपते.

सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाने हीच वाट ‘कामपुंग ॲडमिरल्टी’ या संकुलात पुन्हा बांधली. मलाय भाषेत कामपुंग म्हणजे गाव. रचना जेवणाच्या डब्यासारखी, एकावर एक. तळाला सगळ्यांना खुला चौक, त्यावर खाऊगाळे, मग वैद्यकीय केंद्र, वर बाग. सोबत ज्येष्ठांसाठी १०४ छोटी घरं. औषधाला निघालेल्या आजींना चौकात ओळखीचं कुणीतरी भेटतंच. ज्येष्ठांच्या केंद्राशेजारीच पाळणाघर आहे, त्यामुळे आजी-आजोबा आणि मुलं सहज एकत्र येतात. शेजाऱ्यांनी टेकावं म्हणून घरांच्या दाराशी बाकही आहेत. २०१८ साली या वास्तूला ‘वर्ल्ड बिल्डिंग ऑफ द इयर’ हा जागतिक पुरस्कार मिळाला.

आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा नकाशा समोर येईल, तेव्हा चौरस फुटांसोबत एवढंही विचारा: बसायला बाक कुठे आहे?