लवजींच्या सुरतेचं बंदर

सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० मधल्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. ते सर्वांना पाठ आहे. पुढे तापीच्या मुखाशी गाळ साचला, मुंबई वाढली आणि सुरतेचं बंदर मागे पडलं, इथवर माझीही माहिती होती. सुरतेजवळच्या हजिऱ्याला जाऊन आलो आणि ती अपुरी वाटू लागली.

घोघ्याला जाणाऱ्या रो-रो फेरीच्या धक्क्याबाहेर चहा घेताना भेटलेला वेल्डर अमळनेरकडचा निघाला. तापीच्या मागोमाग खानदेशातली किती घरं इथे आली! अहिराणीतला एक शब्द कानावर पडला आणि गडी खुलला. इथल्या अवजड कामाचा त्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. फ्रान्समधल्या ‘ईटर’ या अणुसंमीलन प्रकल्पाच्या महाकाय क्रायोस्टॅटचे भाग हजिऱ्यातल्याच लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडले आणि जहाजाने रवाना झाले.

असे हात असलेल्या बंदराला समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काम परकं नाही. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट, शिवाय दोन बंदरांच्या सुधारणेसाठी ६०० कोटी. या धंद्यात बंदराची कमाई टनांवर ठरत नाही. शंभर मीटरचं पातं वळवायला मोकळं मैदान लागतं, शेकडो टनांचा भार पेलणारा धक्का लागतो. चक्क्या उभ्या राहिल्या की पुढची पंचवीसेक वर्षं देखभालीच्या छोट्या बोटी रोज ये-जा करतात. मगदल्ल्यासारख्या उथळ बंदरालाही त्यात काम मिळू शकतं. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी मात्र अवघड. तिचा अंदाज इथल्या खलाशांइतका कुणाला असणार?

हे सारं पाहताना मला राहून राहून लवजी नसरवानजी वाडिया आठवत होते. सुरतेच्या गोदीतला हा पारशी सुतार. त्यांचं काम इंग्रजांच्या नजरेत भरलं आणि १७३६ मध्ये काही सुतारांना घेऊन ते मुंबईला गेले. मुंबईची गोदी त्यांच्या घराण्याने नावारूपाला आणली. लवजींचे नातू जमशेटजी यांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही तरंगते आहे, इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी. आणि त्याच हार्टलपूलच्या बंदरातून ‘डॉगर बँक’ या सागरी प्रकल्पाच्या पवनचक्क्यांचे मनोरे आणि १०७ मीटर लांबीची पाती समुद्रात जातात. जहाजबांधणी बुडालेल्या गावाला वाऱ्याने पुन्हा काम दिलं. डेन्मार्कच्या एस्बियर्गचंही तसंच: आधी मासे, मग तेल, आता वारा.

लवजींच्या नावाची साधी पाटीही मला तापीकाठी फिरताना दिसली नाही. वाईट वाटलं. सुरतेच्या किल्ल्याची डागडुजी झाली, ती छान झाली. पण जहाजं बांधणाऱ्यांचीही आठवण तिथे हवी होती.

पाटी उद्याही लावता येईल. धक्क्यालगतची जमीन मात्र एकदा कोळशाच्या ढिगांखाली आणि कंटेनरखाली गेली की परत मिळत नाही. बंदराचा कारभार पाहणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: हजिऱ्याला पाण्याकाठी थोडं मैदान पवनचक्क्यांच्या कामासाठी आत्ताच राखून ठेवा. एकदा सुरतेचे सुतार मुंबईला गेले. आता अमळनेरच्या त्या वेल्डरला कामासाठी दुसरं बंदर शोधायला लावू नका.