आकडा ग्राहकानेही वाचावा

कर्नाळ्याच्या पायथ्याशी किंवा पनवेलच्या चाळीत, कामकरी कुटुंबाच्या घराला दिवसभर कुलूप असते आणि मीटर आत असतो. वाचनासाठी आलेला कर्मचारी परत फिरतो व देयकावर सरासरी युनिटे छापली जातात. पुढे प्रत्यक्ष वाचन झाले, की साचलेला हिशेब एकदम समोर येतो.

ही बाब क्षुल्लक नव्हे. महावितरणच्या घरगुती दरांत महिन्याची पहिली 100 युनिटे स्वस्त. 101 ते 300 महाग. दरमहा 90 युनिटे जाळणाऱ्या कुटुंबाची तीन महिन्यांची 270 युनिटे महिनावार विभागली, तर सर्व खालच्या दरात बसतात. तीच एका महिन्याच्या नावे मांडली, तर 170 युनिटे वरच्या दरात जातात. वीज तेवढीच, भुर्दंड मात्र ग्राहकाला!

उपाय साधा आहे. दरमहा ठरलेल्या तारखेस मीटरवरील युनिटांचा आकडा वहीत टिपावा, त्यातून मागील आकडा वजा करावा आणि उत्तर देयकाशी ताडून पाहावे. तफावत आढळल्यास हीच वही तक्रारीचा आधार ठरते. शाळेतील वजाबाकीला याहून उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. ज्याला आपला आकडा ठाऊक आहे, त्याच्याच दादेला वजन येते.