माशाच्या पोटातील नाव

एक अजस्र मासा किनाऱ्यावर येऊन पडला आहे. त्याच्या तोंडातून मासे ओसंडत आहेत, आणि त्या माशांच्या तोंडांतही पुन्हा मासे! शिडी लावून एक माणूस त्याच्या पाठीवर चढतो आहे. दुसरा आपल्याहूनही मोठ्या सुरीने त्याचे पोट फाडतो आहे, आणि तेथूनही माशांची रासच्या रास बाहेर पडते आहे. एका माशाला तर चक्क माणसाचे पाय फुटले असून, तोंडात मासा धरून तो चालू लागला आहे. घरातल्या मुलांपुढे हे चित्र ठेवलेत, तर ती प्रथम त्यालाच शोधून काढतील.

पीटर ब्रॉयगेलच्या रेखाटनावरून 1557 साली अँटवर्प शहरात निघालेले हे छापचित्र. जेमतेम 30 सेंटिमीटर रुंद आणि 23 सेंटिमीटर उंच. पीटर व्हान डेर हेडेन या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर त्याच्या रेषा कोरल्या. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांखालून दाबून काढायचा, अशी ती रीत.

मोठा मासा लहान माशाला खातो, ही तिकडची जुनी म्हण. आपल्याला ती परकी नाही. राजाचा दंड नसेल तर बलवान दुर्बलाला गिळतो, असे सांगताना कौटिल्य ज्याला मत्स्यन्याय म्हणतो, तो हाच. सुरीच्या पात्यावर पृथ्वीगोलाची खूण आहे. म्हणजे कापणारे हे जगच! पुढच्या होडीत एक बाप मुलाला हा सारा प्रकार दाखवतो आहे. मुलगा मात्र बोट दाखवतो ते होडीतल्याच तिसऱ्याकडे. तोही माशाच्या पोटातून मासाच काढतो आहे! त्या अजस्र माशापेक्षा मला हे पोर अधिक आवडते.

पण चित्राहून मोठा मत्स्यन्याय चित्राच्या तळाशी छापला आहे. ही कल्पना हिरोनिमस बॉशची, असे तेथे म्हटले आहे. आणि बॉश तर 1516 सालीच वारला होता! त्याच्या चमत्कारिक चित्रांना गिऱ्हाईक होते. ब्रॉयगेल तेव्हा तिशीच्या आसपासचा. प्रकाशक हिरोनिमस कॉक हा व्यापार जाणणारा माणूस. त्याचे स्वतःचे नाव चित्रावर आहे, कोरणाऱ्याची खूण आहे. नाव नाही ते फक्त चित्र काढणाऱ्याचे.

सुदैवाने मूळ रेखाटन टिकले. ते व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे, आणि त्यावर ब्रॉयगेलची सही व 1556 हे साल स्पष्ट आहे. 1558 मध्ये कॉकने सात महापापांची चित्रमालिका काढली, तेव्हा तिच्यावर मात्र ब्रॉयगेलचे नाव छापलेले होते.