नारळ देण्याच्या दोन तऱ्हा

१५ जानेवारी २००८ रोजी नोकियाने जाहीर केलं की जर्मनीतल्या बोखुम शहरातला आपला मोबाइलचा कारखाना बंद होणार आणि उत्पादन रुमानियात हलवलं जाणार. २,३०० जणांच्या नोकऱ्या जाणार होत्या. कंपनी तोट्यात असती तर लोकांनी कपाळावर हात मारून गप्प बसणं पत्करलं असतं. पण जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाइलपैकी जवळपास चार तेव्हा नोकियाचे होते आणि आदल्या वर्षीचा नफा सात अब्ज युरोंच्या वर गेला होता. कंपनीने कारण दिलं ते सरळ होतं. जर्मनीत मजुरी महाग, इथे माल बनवून स्पर्धेत टिकता येत नाही.

बोखुम हे ऱ्हूर खोऱ्यातलं गाव. कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद होताना या गावाने पाहिल्या होत्या. कारखाने मिटतात हे तिथल्या माणसाला शिकवायची गरज नव्हती. भडका उडाला तो बातमी ज्या रीतीने आली त्यामुळे. ना आधी सूचना, ना दुसरा काही मार्ग निघतो का याची चर्चा. त्यात कारखान्यासाठी कंपनीने सरकारी अनुदानाचे कोट्यवधी युरो घेतलेले. पंधरा हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर उतरली. केंद्रीय मंत्री होर्स्ट झेहोफर यांनी आपला नोकिया फोन टाकून दिला, संसदेतले सोशल डेमोक्रॅट नेते पेटर श्ट्रुक यांनीही तेच केलं. राज्याचे मुख्यमंत्री युर्गेन र्‍यूटगर्स यांनी कंपनीला अनुदान फस्त करणारी टोळधाड म्हटलं, तर अर्थमंत्री पेअर श्टाइनब्रुक यांनी याला तांड्यांची भांडवलशाही असं नाव दिलं: आज इथे, उद्या पुढच्या मुक्कामी.

पुढे कामगार प्रतिनिधींशी वाटाघाटी झाल्या आणि नोकियाला सुमारे २० कोटी युरोंची भरपाई मान्य करावी लागली. माणशी सरासरी काढली तर ती ऐंशी हजार युरोंच्या पुढे जाते. जर्मन बाजारात नाव खराब झालं, ग्राहक दुरावले, त्याचा खर्च वेगळाच. गंमत म्हणजे सुटलेल्या अभियंत्यांचं मोल ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कॅनडाच्या कंपनीने ओळखलं. तिने त्याच वर्षी बोखुममध्येच संशोधन केंद्र उघडलं आणि नोकियाची तयार माणसं उचलली. आणि ज्या रुमानियासाठी हा सारा खटाटोप, तिथला क्लूजजवळचा कारखाना २०११ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. आता उत्पादन आशियात न्यायचं होतं. तिथेही दोन हजारांवर लोक घरी गेले. श्टाइनब्रुक यांचा तांडा तीन-साडेतीन वर्षांत पुढे सरकला होता.

हीच कंपनी, तेच २०११ साल, पण कपातीची दुसरी तऱ्हा. ॲपल आणि अँड्रॉइडने नोकियाच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी झाली, स्वतःची सिंबियन प्रणाली मोडीत काढायचं ठरलं, आणि सिंबियनवर काम करणारी हजारो माणसं एका रात्रीत जास्तीची ठरली. दोन वर्षांत १३ देशांतल्या सुमारे १८ हजार लोकांना कमी करायचं होतं, म्हणजे बोखुमच्या जवळपास आठपट. बोखुमची जखम वरिष्ठांच्या मनात ताजी होती. ती चूक पुन्हा करायची नाही, या हट्टातून ‘ब्रिज’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला.

त्यातली मेख अशी की नोटीस आणि मदत यांच्यात अंतर ठेवलं नव्हतं. एप्रिल २०११ मध्ये कपात जाहीर झाली तेव्हाच सांगण्यात आलं की ज्यांना झळ बसेल त्यांचं नाव वर्षअखेरपर्यंत पगारपत्रकावर राहू शकेल. म्हणजे पुढचं शोधायला पगारासह आठ महिने. त्या काळात माणसाने कोणती वाट धरावी हे कंपनीने ठरवलं नाही. नोकियातच दुसरी जागा, बाहेर नोकरी, नवं शिक्षण, स्वतःचा धंदा किंवा यातलं काहीच नको असेल तर समाजकार्यासारखी स्वतः निवडलेली वाट, असे पाच दरवाजे उघडे ठेवले. धंदा काढणाऱ्याला २५ हजार युरोंपर्यंत अनुदान मिळे, आणि चौघांनी मिळून काढला तर एक लाखापर्यंत. अर्ज तपासायला स्थानिक समित्या होत्या. ज्या गावात कपात, त्या गावातच ब्रिजचं केंद्र. मुख्यालयातून फर्मान सोडून हे जमण्यासारखं नव्हतं, आणि वरच्यांना तेवढं कळलं होतं.

यातून सुमारे हजार नवे उद्योग निघाले. स्वतःची मोबाइल प्रणाली बनवणारी ‘योला’ ही कंपनी त्यातलीच, नोकियाच्याच माणसांनी नोकियाने सोडून दिलेल्या कामातून उभी केलेली. शेवटच्या दिवशी कार्यालयातून बाहेर पडताना जवळपास ६० टक्के लोकांना उद्या आपण काय करणार हे माहीत होतं. सगळ्या ब्रिजवर खर्च झाला सुमारे ५ कोटी युरो. माणशी २,८०० युरोंच्या आसपास, आणि एकूण रक्कम त्या दोन-तीन वर्षांतल्या पुनर्रचनेच्या एकूण खर्चाच्या चार टक्के. बोखुमशी ताडून पाहा. तिथे घाव घालून झाल्यावर जी रक्कम मोजावी लागली, तिच्या चौथ्या हिश्शात इथे आठपट माणसं मार्गी लावण्याची खटपट झाली. (तुलना काटेकोर नाही. ब्रिजमधल्यांना नियमाप्रमाणे नोकरी सुटल्याची रक्कम वेगळी मिळालीच. तरीही फरक डोळ्यांत भरतो.)

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नेतृत्वशैली म्हणजे जणू स्वभाव. कोणी हुकूमशहा, कोणी सहभागी, कोणी सेवकवृत्तीचा. मला यात फारसा अर्थ दिसत नाही. नोकियाचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांचंच पाहा. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र गाजलं. त्यात नोकियाची तुलना समुद्रातल्या जळत्या तेलफलाटाशी केली होती: उडी मारा, नाहीतर जळून मरा. प्रामाणिकपणाबद्दल शंका नको. पण नव्या विंडोज फोनचा अजून पत्ता नसताना हातातला माल भंगार असल्याचं प्रमुखानेच सांगितल्यावर दुकानदार तो कशाला ठेवील? विक्री कोसळली. पुढे फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला गेला तेव्हा एलॉप यांच्या वाट्याला सुमारे १ कोटी ९० लाख युरो येणार हे कळलं आणि फिनलंडमध्ये संतापाची लाट उसळली. ब्रिज याच माणसाच्या कारकिर्दीत झाला. तेव्हा स्वभाव बाजूला ठेवून मी तीनच गोष्टी विचारीन. कोणाला आधी सांगितलं, किती आधी सांगितलं आणि तोटा कोणाच्या ताटात वाढला?

तिसऱ्या प्रश्नाचं एक जुनं आणि चांगलं उत्तर ह्यूलेट-पॅकार्डने दिलं होतं. १९७० च्या मंदीत कंपनीकडे दहा टक्के काम कमी होतं. बिल ह्यूलेट यांनी दहा टक्के माणसं काढली नाहीत. त्यांनी सगळ्यांचेच, वरपासून खालपर्यंत, दहा टक्के दिवस आणि दहा टक्के पगार कापला. एक आड एक शुक्रवार सुट्टी. सहा महिन्यांत मागणी परतली तेव्हा सगळी माणसं जागेवर होती. नव्याने भरती नको, शिकवणं नको. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बॅरी-वेमिलर कंपनीत बॉब चॅपमन यांनी तोच धागा धरला. प्रत्येकाने चार आठवडे बिनपगारी रजा घ्यायची. तिथल्या कामगारांनी यात एक भर घातली. ज्यांना परवडत होतं त्यांनी अडचणीतल्या सहकाऱ्यांचे आठवडे स्वतःवर घेतले. हुकमाने असलं काही करवून घेता येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जॅक वेल्श. जनरल इलेक्ट्रिकची मनुष्यसंख्या १९८० च्या दशकाच्या पहिल्या पाच वर्षांत चार लाखांवरून तीन लाखांपर्यंत खाली आली आणि वेल्श यांना ‘न्यूट्रॉन जॅक’ हे नाव चिकटलं. माणसं जातात, इमारती उभ्या राहतात. कारखाने तराफ्यावर ठेवावेत आणि मजुरी स्वस्त असेल तिथे ओढून न्यावेत, अशीही त्यांची कल्पना होती. आपल्याला या कथेत अवघडल्यासारखं व्हायला हवं, कारण तराफा ज्या किनाऱ्यांना लागला त्यातला एक आपला आहे. जनरल इलेक्ट्रिकने नव्वदच्या दशकात गुरगावला उघडलेल्या केंद्रातूनच पुढे जेनपॅक्ट ही कंपनी झाली, आणि परदेशी कामाची ही वाट हिंजवडीपर्यंत रुंद होत गेली. ऑर्लँडोत २०१४-१५ मध्ये डिस्नेने सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना काढलं. जाण्याआधी आपलं काम आउटसोर्सिंग कंपन्यांनी आणलेल्या भारतीय माणसांना शिकवून जा, असं त्यातल्या अनेकांना सांगण्यात आलं. पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या भाषेत ही ‘केटी’ (नॉलेज ट्रान्सफर), रोजचीच. तिकडच्या टोकाला बसलेला माणूस आपल्याच जागेची किल्ली देतोय, हे इकडच्या टोकावरून क्वचितच जाणवतं.

नोकियाने निदान या बाबतीत वेगळी सोय पाहिली होती. सिंबियनचं काम ॲक्सेंचरकडे सोपवताना जवळपास तीन हजार माणसंही कामासोबत तिकडे गेली. काम बाहेर जातं तेव्हा माणसालाही त्याच्यासोबत जाता येतं का, हा करारात घालायचा मुद्दा आहे. घातला नाही तर पुढे कोणाला तो आठवत नाही.

पण नोकियाला देव्हाऱ्यात बसवण्याचं कारण नाही. चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला २००६ पासून तिचा मोठा कारखाना होता. तिथे हजारो तरुण काम करत होते, आणि खेड्यांतून आलेल्या मुलींची संख्या त्यात मोठी होती. कर-विवादात हा कारखाना अडकला, मायक्रोसॉफ्टशी झालेल्या व्यवहारातून तो वगळला गेला, मग ऑर्डर आटल्या. पाच हजारांहून अधिक जणांनी व्हीआरएस घेतली आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी काम थांबलं. यात आयकर खात्याचाही वाटा होता, हे मान्य. तरी फिनलंडमधल्या अभियंत्याला धंद्यासाठी भांडवल आणि श्रीपेरंबुदूरच्या लाइनवरच्या मुलीला रोख रक्कम, हा फरक उरतोच. उदार नेतृत्वसुद्धा बहुतेक वेळा आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांपर्यंत पोचून थांबतं.

आता तराफा आपल्याही किनाऱ्यावरून हलू लागला आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीचे लोक असतील, असंही सांगितलं. टाटांचं नाव आणि कपात हे दोन शब्द एका वाक्यात ऐकायची सवय नसलेल्या मराठी मध्यमवर्गाला हा धक्का मोठा होता. चाळिशीतला, गृहकर्जाचा हप्ता चालू असलेला, वीस वर्षांत प्रोग्रामिंग सोडून माणसं सांभाळण्याकडे वळलेला प्रोजेक्ट मॅनेजर. त्याच्यासाठी ब्रिजसारखी पाच दारं कोणत्या कंपनीने बांधल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कायद्याने एक छोटी खिडकी उघडली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, काढलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आहे आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे. तिथे ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापकीय काम करणारे बसत नाहीत, म्हणजे वर सांगितलेला प्रोजेक्ट मॅनेजर बाहेरच. आणि जो आत बसतो त्याला पंधरा दिवसांचा पगार मिळेल, पण तो कशावर खर्च करायचा हे सांगणारं केंद्र त्याच्या गावात नसेल. ब्रिजमध्ये फिनलंडच्या ऊलू किंवा टांपेरेमधल्या माणसाला पैशाइतकाच उपयोग झाला तो दोन गल्ल्यांपलीकडे बसून त्याच्या धंद्याच्या कागदांवर डोकं घालणाऱ्या माणसाचा. तो माणूस नेमण्याचं काम निधी करू शकत नाही. ते कंपनीच्या प्रमुखालाच करावं लागतं, आणि तेही नारळ देण्याच्या तारखेच्या बरंच आधी.