लॅपटॉपला दुसरी स्क्रीन जोडायची? अडॅप्टर घेण्याआधी हे तपासा



कोराडीत तुमचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान असेल, तर काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून एक दुसरी स्क्रीन ठेवाच. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, खाते नंबर गिऱ्हाईक स्वतः वाचेल, मगच तुम्ही ‘सबमिट’ दाबाल. चूक तिथेच सापडली की नंतरच्या फेऱ्या आणि वाद वाचतात.

मॉनिटर जुनाही चालतो. पैसे फसतात ते चुकीच्या अडॅप्टरमध्ये. म्हणून बर्डीला खरेदीला जाण्याआधी लॅपटॉपचे पोर्ट बघा.

एचडीएमआय रिकामं आहे? साधी केबल घ्या, काम झालं.

टाइप-सी आहे? शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं (विजेचा बाण) चिन्ह असेल तर साधा टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर चालतो. चिन्ह नसेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर खात्री करा. प्रत्येक टाइप-सीतून चित्र बाहेर येतंच असं नाही.

फक्त जुनं चौकोनी यूएसबी उरलंय? इथे नुसती वायर चालत नाही. आत चिप असलेला अडॅप्टरच लागतो.

का? हिशोब बघा. फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळपास ३ गिगाबिट माहिती. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ०.४८ गिगाबिट! मग लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर चित्र दाबून लहान करतं, ते यूएसबीतून जातं आणि पलीकडची चिप ते उलगडून मॉनिटरला देते.

या कामात नाव झालं ते डिस्प्लेलिंकचं. इंग्लंडमधल्या केंब्रिजला २००३ साली ही कंपनी सुरू झाली, २०२० मध्ये सिनॅप्टिक्सने ती विकत घेतली. डॉक आणि अडॅप्टर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात, आत चिप मात्र यांची असू शकते. म्हणून खोक्यावर चिपचं नाव वाचा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. ड्रायव्हर टाकावा लागतो. चित्र दाबण्याचं काम लॅपटॉपचा प्रोसेसर करतो, त्यामुळे फॉर्म, बिल, एक्सेल छान चालतं. गेमिंगसाठी हा मार्ग नाही. आणि यूएसबी ३.० पोर्ट असेल तर तोच वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, ‘डुप्लिकेट’ नको. डुप्लिकेटमध्ये तुमच्या स्क्रीनवरचं सगळंच पलीकडे दिसतं, अगदी आधीच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्डसुद्धा. एक्स्टेंडमध्ये फक्त समोरच्याचा फॉर्म तिकडे सरकवा.

खरेदीला जाताना स्वतःचा लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच जोडून बघा, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय निघू नका.