प्रादेशिक नियोजनातील पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन

प्रदेशातील अथवा नगरातील भूमीचा उपयोग निश्चित करण्यापूर्वी त्या निर्णयाचे हवा, पाणी, मृदा, वनस्पती, प्राणी व मानवी वस्ती यांवर होणारे संभाव्य परिणाम शास्त्रीय पद्धतीने अजमाविणे आणि त्यांची पर्यायी योजनांच्या परिणामांशी तुलना करणे, या प्रक्रियेस प्रादेशिक नियोजनातील पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन म्हणतात. एखाद्या प्रकल्पाच्या मूल्यमापनात तो प्रकल्प कसा उभारावा, हा प्रश्न मुख्य असतो; प्रादेशिक मूल्यमापनात तो तेथे असावा की नसावा, हा प्रश्न आधी येतो. एकाच खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या दहा कारखान्यांपैकी प्रत्येकाचे सांडपाणी विहित मर्यादेत असले, तरी त्या सर्वांचा एकत्रित भार खाडीस पेलवेलच असे नाही. हा संचित परिणाम व प्रदेशाची धारणक्षमता प्रकल्पनिहाय अहवालांतून सहसा स्पष्ट होत नाही.

इतिहास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण अधिनियमावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. पर्यावरणावर लक्षणीय परिणाम करणाऱ्या संघशासनाच्या प्रत्येक मोठ्या कृतीपूर्वी परिणामांचे व पर्यायांचे लेखी विवरण तयार करणे त्यामुळे बंधनकारक झाले. यूरोपीय समुदायाने १९८५ मध्ये प्रकल्पांसाठी निदेश काढला. २००१ च्या दुसऱ्या निदेशाने नगररचना व भूमिवापर यांसह इतर क्षेत्रांतील आराखडे व कार्यक्रम यांनाही मूल्यमापन लागू करण्यात आले. आराखड्यांच्या पातळीवरील अशा मूल्यमापनास व्यूहात्मक पर्यावरणीय मूल्यमापन ही संज्ञा आहे.

पद्धती : इअन मॅकहार्ग या भूदृश्य वास्तुशिल्पज्ञाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अधिस्थापन पद्धतीचा पुरस्कार केला. तीत उतार, मृदा, पूररेषा, वने इ. घटकांचे पारदर्शक नकाशे एकमेकांवर ठेवून बांधकामास योग्य व अयोग्य जागा निवडतात. हे काम आता संगणकीय भौगोलिक माहिती प्रणालीने केले जाते. ल्यूना लिओपोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये तयार केलेल्या सारणीत १०० कृती व पर्यावरणाचे ८८ घटक परस्परांसमोर मांडलेले असून तीत ८,८०० संभाव्य संबंधांचा विचार करता येतो. प्रत्येक संबंधाची तीव्रता व महत्त्व यांस १ ते १० गुण दिले जातात. मात्र गुणदान हे अखेर तज्ञांच्या मतावर अवलंबून असल्याने त्याची कारणे नमूद करणे आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती : भारतात १९७० नंतरच्या दशकात नदी खोरे प्रकल्पांची पर्यावरणीय छाननी सुरू झाली. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ यानुसार २७ जानेवारी १९९४ रोजी काढलेल्या अधिसूचनेने मूल्यमापनास वैधानिक रूप आले. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. छाननी, व्याप्तिनिश्चिती, लोकविचारविनिमय व मूल्यनिर्धारण असे तिचे चार टप्पे आहेत. या अधिसूचनेचा रोख प्रकल्पांवर आहे. प्रादेशिक योजना व विकास योजना यांना ती लागू होत नाही. अधिसूचनेच्या मूळ तरतुदींनुसार २०,००० चौ. मी. व त्याहून अधिक क्षेत्राची बांधकामे पूर्वमंजुरीच्या कक्षेत आली, तथापि बांधकाम व नगरवसाहत प्रकल्पांना लोकविचारविनिमयातून सामान्यतः वगळण्यात आले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात नैसर्गिक सौंदर्य, वने व वन्य जीव यांच्या जतनासाठी प्रादेशिक योजनेत तरतूद करता येते आणि योजनेच्या मसुद्यावर लोकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. परंतु परिणामांचा स्वतंत्र अहवाल मसुद्यास जोडण्याचे बंधन त्यात घातलेले नाही.

डहाणूचे उदाहरण : चिकूच्या बागा, वनक्षेत्र, वारली आदिवासींची वस्ती व मासेमारी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डहाणू तालुक्यात (पूर्वीचा ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) खाडीकाठी ५०० मेगॅवॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत् केंद्राची योजना प्रथम मंजूर झाली. संपूर्ण तालुक्याचा एकत्रित विचार त्यानंतर झाला. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविण्यात आला, अनुज्ञेय उद्योगांसाठी एकूण कमाल ५०० एकर क्षेत्राची मर्यादा घालण्यात आली व राज्य शासनास तालुक्याची योजना तयार करण्यास सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये त्याने वाढवण येथील नियोजित बंदरास अनुमती नाकारली. २०२३ मध्ये मात्र याच प्राधिकरणाने नव्याने मांडलेल्या बंदर प्रकल्पास अटींसह अनुमती दिली. प्रदेशाची मर्यादा एकदा लिहून ठेवल्याने वाद संपत नाही. परंतु ती मर्यादा ओलांडू पाहणाऱ्यास कारणे द्यावी लागतात, हे या उदाहरणावरून दिसते.

मर्यादा : प्रकल्पाचे अहवाल सामान्यतः प्रवर्तकाच्याच खर्चाने तयार होत असल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेतली जाते. लहान मुदतीत गोळा केलेल्या माहितीतून ऋतुमानानुसार होणारे बदल निसटतात. मंजुरीसोबत घातलेल्या अटींचे पालन झाले की नाही, हे पाहणारी यंत्रणा अपुरी असल्यास अहवाल कागदावरच राहतो. सर्वांत मोठी मर्यादा कालाची आहे. जमीन संपादन होऊन रस्ते आखले गेल्यावर केलेल्या मूल्यमापनात दुसरी जागा निवडण्याचा पर्याय व्यवहारतः उरत नाही आणि केवळ धुराड्याची उंची किंवा झाडांची संख्या यांवर चर्चा होते. म्हणून भूमिवापराचा नकाशा रेखाटला जात असतानाच, आणि ज्यांची शेती, मासेमारी वा वस्ती बाधित होणार त्यांना कळेल अशा भाषेत, हे मूल्यमापन होणे इष्ट ठरते.