सालीची किंमत : अँडी वॉरहॉलचे केळे

सतराव्या शतकातील डच स्थिरवस्तुचित्रांत अर्धवट सोललेले लिंबू वारंवार भेटते. वळसे घेत लोंबणाऱ्या त्या सालीत चित्रकाराचे सारे कसब पणाला लागलेले असे. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याने 1966 साली केलेल्या ‘केळे’ या स्क्रीनमुद्राचित्रात मात्र साल नुसती चितारलेली नाही; ती प्रत्यक्ष सोलता येते. खाली पांढऱ्या स्टायरीनवर छापलेला गुलाबी गर आणि वर वेगळ्या प्लॅस्टिकवर छापलेली, काळे डाग पडलेली पिवळी साल, अशी त्याची दुपदरी रचना आहे. गराच्या त्या गुलाबी रंगातील चावट सूचकता कोणापासूनही लपत नाही.

चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडातून, जिथे हवी तिथेच छिद्रे मोकळी ठेवून, रबरी पट्टीने शाई दाबून उतरवायची हे स्क्रीनमुद्रणाचे तंत्र मूळचे जाहिरातींचे आणि कापडछपाईचे. वॉरहॉल स्वतः जाहिरातींच्या धंद्यातून आलेला होता. 1962 पासून त्याने छायाचित्रावरून जाळी तयार करण्याची पद्धत स्वीकारली आणि चित्रातून हाताचा ठसा जवळजवळ पुसून टाकला. ‘केळे’च्या सुमारे 300 प्रती निघाल्या, काहींवरच स्वाक्षरी आहे. जे कितीही वेळा छापता आले असते ते मोजकेच छापायचे, या निर्णयातून मुद्राचित्राचा बाजार उभा राहतो. ही दुर्मिळता निसर्गदत्त नव्हे, ठरवून आणलेली आहे.

तथापि या केळ्याची खरी कथा घडली ती दुसऱ्याच जागी. मार्च 1967 मध्ये ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाची, गायिका निको हिच्यासह केलेली, पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात आली. तिच्या दर्शनी मुखपृष्ठावर वृंदाचे नाव नव्हते. होते ते हे केळे, वॉरहॉलचे नाव आणि टोकाशी साल हळूहळू सोलून पाहण्याची सूचना. सूचना वाचली की हात पुढे होणारच. पुष्कळ ग्राहकांनी साल सोलली, आत काय आहे ते पाहिले, आणि साल बहुधा टाकून दिली.

आज संग्राहक पहिल्या आवृत्तीतील न सोललेल्या मुखपृष्ठाला सोललेल्याच्या तुलनेत फारच मोठी किंमत देतात. येथील विसंगती साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. कलाकृती वाचकाला एक कृती करावयास सांगते. बाजार ती न करणाऱ्याला बक्षीस देतो. शिवाय ज्यांनी सूचना पाळली त्यांच्यामुळेच न पाळणाऱ्यांची प्रत दुर्मिळ झाली. पाने न कापलेले जुने फ्रेंच पुस्तक जसे कोणी वाचलेले नसल्यामुळेच महाग ठरते, तसेच हे. मराठीत ‘प्रत’ या एकाच शब्दाने नक्कलही दाखवली जाते आणि दर्जाही. हस्तलिखिताचा संशोधक मात्र हाताळलेल्या, समासात टिपणे असलेल्या पोथीला अधिक मोल देईल, कारण त्याच्या लेखी वापराच्या खुणा हाच पुरावा असतो. मुद्राचित्राच्या बाजारात त्याच खुणांना ‘दोष’ म्हणतात. ही दृष्टी बाजाराला सोयीची असली तरी कलाकृतीच्या दृष्टीने उफराटीच म्हटली पाहिजे.

केळे कोणाचे, हा प्रश्नही पुढे न्यायालयात गेला. वॉरहॉलच्या मृत्यूनंतर (1987) त्याच्या कलासंपदेचा कारभार पाहणाऱ्या प्रतिष्ठानाने आयफोन-आयपॅडच्या वेष्टनांसाठी या चित्राचा परवाना दिला, तेव्हा लू रीड आणि जॉन केल यांच्या भागीदारीने जानेवारी 2012 मध्ये दावा लावला. केळे हे आमच्या वृंदाचे ओळखचिन्ह आहे. शिवाय 1967 मध्ये ते स्वामित्वहक्काच्या सूचनेविना प्रसिद्ध झाल्याने त्यावर कोणाचाच स्वामित्वहक्क नाही, असे वादीपक्षाचे म्हणणे होते. स्वामित्वहक्काचा मुद्दा त्याच वर्षी निकालात निघाला आणि 2013 मध्ये उरलेल्या वादावर तडजोड झाली. म्हणजे जे चित्र संग्राहकांपुढे वॉरहॉलच्या नावावर विकले जाते, तेच श्रोत्यांच्या मनात एका वृंदाचे चिन्ह होऊन बसले होते.

2019 साली मायामीच्या कलामेळ्यात मॉरित्सिओ कातेलान याने भिंतीवर चिकटपट्टीने खरेखुरे केळे लावले. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच्या एका प्रतीला 62 लाख डॉलर मिळाले आणि खरेदीदाराने ते केळे चक्क खाऊन टाकले. त्याने काही बिघडले नाही. विकत घेतलेले होते ते प्रमाणपत्र आणि मांडणीचा अधिकार. केळे दुसरे आणता येते. वॉरहॉलच्या केळ्याला ही सवलत नाही. एकदा निघालेली साल कितीही जपून परत बसवली, तरी उचललेली कड जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.